वळणावरची पिवळी फळी

हिल्क्काने नदीचा ओला गाळ बोटांवर घेतला आणि फळीच्या पिवळ्या रंगाला पडलेल्या भेगांत दाबून बसवला. जाड कापडावर आडवी ठोकलेली फळी, वर भूर्जाची साल, खाली फाटक्या जाळ्याचा तुकडा. तीन वर्षं तिच्या हातून एकही चित्र झालं नव्हतं. या मे महिन्यात फिनलंडच्या सीमेवरच्या तोर्नियो नदीचा बर्फ फुटला, काठावर लाकडांचे आणि चिंध्यांचे ढीग टाकून पुढे गेला. त्या ढिगात ही फळी दिसली आणि तिला अख्खं चित्र दिसलं. जूनअखेरच्या सणाला गावाच्या सभागृहात प्रदर्शन होतं. मधली भिंत तिने याच चित्रासाठी राखली होती.

दार न वाजवता एनारी आत आला. शाळेपासूनचा सोबती, जन्मभर लाकडी नावा बांधत आलेला.

"नदीचा कचरा अजून संपला नाही वाटतं तुझा."

"कॉफी हवी असेल तर तोंड बंद ठेवून बस."

तो हसत खुर्ची ओढायला वळला आणि तसाच थांबला. मग चित्राजवळ गेला. फळीच्या टोकाला तांब्याचे दोन खिळे होते, अगदी शेजारी शेजारी. त्यांवर त्याने अंगठा ठेवला.

"कुठे मिळाली?"

"खालच्या वळणावर. का रे?"

"असे जोडीने खिळे मीच मारतो. इकडे दुसरं कोणी मारत नाही."

हिल्क्काचे गाळाचे हात तसेच राहिले. दोन वर्षांपूर्वी, बर्फ वाहत असतानाच, त्याचा आणि बायको लेम्पीचा मुलगा वेसा नाव घेऊन जाळी सोडवायला गेला होता. तो परतला नाही आणि नावही सापडली नाही. आठ दिवस सगळ्या गावाबरोबर हिल्क्कानेही काठ पालथा घातला होता. पण तिला आठवत होती ती डांबराने काळी झालेली नाव. आतून ती पिवळी होती, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"चांगलं झालंय चित्र," एनारी म्हणाला. "मागच्या उन्हाळ्यात मला नावेच्या पुढच्या टोकाचा तुकडा सापडला होता. सॉनाच्या न्हाणीतल्या चुलीत जाळला. लेम्पीला वाटतं, नाव पलीकडे स्वीडनच्या काठाला कुठेतरी अडकली असेल. पाद्रीबाईंनी दफनभूमीत वेसाच्या नावाचा दगड बसवायचं काढलं, की उठून जाते ती. हे सभागृहात नको लावूस, हिल्क्का."

"नाही लावणार."

तो गेल्यावर तिने चित्रावर चादर टाकली.

चार दिवसांनी लेम्पी आली. हातात फडक्यात गुंडाळलेला वेलचीचा गोड पाव. तो टेबलावर ठेवून ती सरळ चादरीकडे गेली, एक कोपरा उचलून पाहिलं आणि सोडून दिला.

"ही फळी तू खांद्यावरून नेत होतीस, तेव्हा खिडकीतून बघितलं मी."

"लेम्पी, मला कल्पनाच नव्हती गं."

"कशी असेल? मला ती आधीच दिसली होती, धक्क्यापाशी. काठीने परत पाण्यात लोटली. म्हटलं, जाईल समुद्राला. तर वळणावर जाऊन बसली." ती खुर्चीत टेकली. "एनारीला कळू देऊ नकोस. रोज संध्याकाळी काठाने हिंडतो. शोधतोय, म्हणून उभा आहे तो. दगडाचं नाव निघालं की मी उठते, ते त्याच्यासाठीच. त्याच्या तोंडाकडे बघवत नाही तेव्हा."

हिल्क्का कॉफी ओतत होती. ती बशीत सांडली, तिथून टेबलावर.

"रविवारी दोघं या," ती म्हणाली. "चादर काढलेली असेल."

लेम्पीने वर पाहिलं. हिल्क्का फडक्याने टेबल पुसत राहिली. कोरडं झालं तरी पुसत राहिली.

"त्याला माहीत आहे?"

हिल्क्काने फडक्याची घडी घातली.

"कधीपासून?"

"ते त्यालाच विचार."

लेम्पी उठली तेव्हा कॉफी तशीच गार झाली होती.

रविवारी दोघं चर्चचे कपडे घालून आले. एनारीने दारातच चादर नसल्याचं पाहिलं, आणि हिल्क्काकडे असं बघितलं की तिला मान खाली घालावी लागली. लेम्पीने त्याच्या कोपराला धरून त्याला आत नेलं.

"सरपण फोडायचंय," हिल्क्का म्हणाली आणि अंगणात गेली.

सरपण फोडलेलंच होतं. तिने फोडलेल्या ढलप्यांचे आणखी बारीक तुकडे केले. आतून एनारीचा आवाज आला, खालच्या पट्टीतला, मध्येच तुटणारा, नंतर लेम्पीचा. डास हाताला चावत होते आणि ती ते झटकत नव्हती.

दार उघडलं. लेम्पी पायरीवर आली. तिचे डोळे सुजले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

"पाद्रीबाईंना आज सांगून टाकतो आम्ही, दगड बसवा म्हणून." ती पायरीवर बसली. "हिल्क्का, दगडाखाली ठेवायला आमच्याकडे काहीच नाही गं."

हिल्क्काने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली.

"मी फळी काढून देते," ती म्हणाली. "एनारीला म्हणावं, खिळ्यांना हात लावू नकोस, ते फळीबरोबरच जाऊ देत."