बंधाऱ्याच्या वरचे खेकडे

आष्टीच्या बाजारात सखूबाई अठरा वर्षं खेकडे विकते. तिची धाकटी जाऊ छकुली तीन वर्षांपासून शेजारी बसते. या पावसाळ्यात गिऱ्हाईक आधी छकुलीच्या घमेल्यापाशी थांबू लागलं. तिच्याकडचे संपले की मगच सखूबाईकडे वळायचं.

बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्या दिसल्या तर आत खेकडा, कड गुळगुळीत असेल तर साप, हे छकुलीला सखूबाईनंच शिकवलं होतं.

वाटूरला खानावळ चालवणारा पुंजाराम गेल्या बाजारी म्हणाला होता, "पुढच्या टायमाला दोघींचा माल बघतो. मंग हंगामभर एकीकडूनच घेईन." तेव्हापासून सखूबाईला अन्न गोड लागेना.

ओढ्याचा काठ दोघींनी वाटून घेतला होता. बंधाऱ्याच्या वर छकुली, खाली सखूबाई. बाजाराच्या दिवशी पहाटे सखूबाई बंधारा ओलांडून वर गेली. अकरा बिळांतून अकरा खेकडे निघाले, सगळे वजनदार. घाईत तिनं एकही उलटा करून पाहिला नाही.

छकुली बाजारात उशिरा आली. घमेल्यात चारच खेकडे होते.

"का गं, ओढ्याला आज उपास व्हता का?" पुंजारामनं विचारलं.

"न्हाई काका. माझ्या आधी कुणीतरी येऊन गेल्तं."

"उशिरा उठणाराला बिळं रिकामीच दिसत्यात," सखूबाई म्हणाली.

पुंजाराम हसला. सखूबाईच्या घमेल्यातला सगळ्यात मोठा खेकडा त्यानं उलटा केला आणि पोटाखालची झडप अंगठ्यानं उचलली. मोहरीएवढी पिल्लं त्याच्या तळहातावर पसरली.

"सखूबाई, लेकुरवाळी हाय ही!"

त्यानं दुसरी उलटी केली, तिसरी केली. अकरांत सात माद्या पिल्लांच्या निघाल्या. अशी मादी हाती लागली की परत बिळात सोडायची, हे ओढ्यावर पोरासोरांनाही ठाऊक आहे.

"अठरा वर्षं झाली ना धंद्याला? पुढच्या साली काय गोटे इकणार?" म्हणत पुंजाराम छकुलीकडे वळला. "तुझे चार दे. हंगामभर आता तूच आणायचे, बराबर?"

छकुलीनं मान डोलावली आणि चारही खेकडे त्याला दिले. मग ती जावेच्या घमेल्यावर वाकली. आतल्या सगळ्यांच्या पाठी तांबूस होत्या, आणि असे खेकडे बंधाऱ्याच्या वरच सापडतात. सखूबाई भांडायला सावरून बसली. शिव्याही तयार होत्या.

छकुली हळूच म्हणाली, "बाई, कोणती कोणत्या बिळातली, ते तुमालाच ठावं. चला जल्दी, पिल्लं वाळतील."

"मी न्हाई येत. तुझा काठ, तू बघ."

छकुलीनं सात माद्या आपल्या घमेल्यात घेतल्या, वर ओलं पोतं टाकलं आणि ती निघून गेली.

सखूबाई उरलेले चार खेकडे पुढे मांडून बसली. थोड्या वेळानं पिशवी घेऊन एक बाई आली. तिनं शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"हितं बसती ती कुठं गेली?"

"गेली घरला. हे घ्या की, ताजे हायेत."

"ऱ्हाऊ द्या," बाई म्हणाली. "ती आल्यावर घेईन."