दादाच्या कल्ल्यांचा गुन्हेगार

फुटपट्टीच्या सलूनमध्ये कल्ले कधी वरखाली होत नसत, म्हणून त्याला हे नाव पडलं होतं आणि त्या नावाचा त्याला केवढा तोरा! बायको वर्षभर चष्म्यासाठी मागे लागली होती. "मी हाताने बघतो," म्हणून तो तिला उडवून लावायचा. शेवटी एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबणाऐवजी केसांचं तेल फासून झालं, तेव्हा कुठे स्वारी चष्मा घेऊन आली.

चष्म्याचा आज पहिलाच दिवस, आणि पहिलं गिऱ्हाईक थोरला भाऊ. दादा खुर्चीत बसला, त्याने मान खाली घातली आणि फुटपट्टीची कात्री हवेतच थांबली. डावा कल्ला कानाच्या पाळीशी, उजवा त्याहून बोटभर वर. मानेवर तर उंदराने कुरतडल्यासारखे टप्पे. महिनाभर केस वाढूनही ते लपत नव्हते. हे आपल्या हातचं काम नव्हेच. दादा दुसरीकडे जाऊन आला होता!

वहिनी गेल्यापासून दादा कुणाकडे जात नसे, धड बोलत नसे. महिन्यातून एकदा या खुर्चीत बसायचा, तेवढाच संबंध. तोही तुटला, तर सख्खा भाऊ असून नसल्यासारखा.

"दादा, कोणाकडे गेला होतास?"

"मी? कुठे?"

"मला वेड्यात काढू नकोस. चल!"

गळ्याभोवतीच्या कापडासकट दादाला ओढत त्याने रस्ता ओलांडला. समोर आरसेवाल्याचं सलून होतं. त्या पठ्ठ्याने भिंतींनाच काय, छतालाही आरसे ठोकले होते.

"माझ्या भावाच्या डोक्याची ही दशा केलीस?"

आरसेवाला हातातला वस्तरा सांभाळत म्हणाला, "मी? अहो, मला वाटलं ही तुमची नवीन फॅशन. तुमची सगळीच गिऱ्हाइकं अशी हिंडताहेत!"

खुर्चीतल्या फेसाळ तोंडातून आवाज आला, "म्हणून तर मी इकडे येतो, भाऊजी."

तो फुटपट्टीचा मेहुणा निघाला. पण त्याच्यावर उखडायला फुटपट्टीला सवड कुठे होती? काचेबाहेरून पोस्टमन चालला होता, उजवा कल्ला बोटभर वर. त्याच्यामागून शाळेचे मास्तर, तेही तसेच. शेजारचा बेकरीवाला तर दोन्हीकडून वेगवेगळा माणूस दिसत होता. फुटपट्टीने चष्मा काढला. सगळे एकदम सरळ झाले. चष्मा लावला. सगळे पुन्हा तिरके!

तो दादाला घेऊन परत आला आणि स्वतःच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मटकन बसला.

"दादा, इतके महिने माझ्यामुळे तू असा हिंडलास. एका शब्दाने सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तू लाजेने माझ्या केसांना हात लावला नसतास."

"चांगलंच झालं असतं की!"

"केसांचं काय रे, वाढतात," दादा कापडाशी चाळा करत म्हणाला. "पण इथे तू माझ्याशी बोलतोस. बाकी महिनाभर मला 'दादा' म्हणून कोण हाक मारतं?"

फुटपट्टीने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. काचा स्वच्छच होत्या. मग उठून त्याने दारावरची पाटी 'बंद'कडे फिरवली.

"अरे, धंद्याच्या वेळेला?" दादा म्हणाला.

"बस तू. आज एकेक केस कापणार आहे."