पुलावरचा निळा दोरा

नदीवर पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी पूल व्हायचा होता. त्याचं पुठ्ठ्याचं मॉडेल जेवणाच्या टेबलावर पसरलेलं, म्हणून घरातले सगळे खाली बसून जेवत होते. पुलाचा आराखडा करणारी सून मात्र टेबलाशीच होती.

अडचण समजायला सोपी होती, पण सुटत नव्हती. पूल पुराच्या वर हवा, ही तिच्या ऑफिसातल्या साहेबांची अट. उंच पुलावर सायकल न्यायची तर लांबलचक चढ लागणार, आणि तो नेमका काठच्या लव्हाळ्यावरून जाणार. तिथे पक्ष्यांची घरटी होती. कुठूनही सुरुवात केली, तरी ती लव्हाळ्यातच येऊन अडकायची.

"पूल कुठे पळून जात नाही, आधी जेवून घे," सासरे म्हणाले.

पुराची पातळी म्हणून तिने दोन्ही काठांमध्ये निळा दोरा ताणला होता. वैतागून तिने तो पुढे रस्त्यांपर्यंत ओढला. रस्ते दोऱ्याच्या खाली राहिले. म्हणजे पुरात रस्तेच बुडणार. मग कोरड्या पुलावर पोचणार कोण? पूल खाली घेतला, तर चढ आखूड होऊन लव्हाळं वाचत होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिचं म्हणणं ऐकून साहेबांनी मॉडेल निरखलं. "पटतंय मला. पण उंची मंजूर झालीय. तो दोरा तेवढा काढा, म्हणजे मॉडेल छान दिसेल."

तिने कात्री उचलली आणि परत ठेवली.

"दोरा राहील, साहेब. नाहीतर आराखड्यावर माझी सही नसेल."

साहेबांनी दार लावून घेतलं आणि ते खुर्चीत बसले.

"म्हणजे मंजूर झालेली उंची आता मलाच वर जाऊन बदलून घ्यावी लागणार. मलाही अडकवलंत," ते म्हणाले.