नुसतं शियाचं लोणी

मनगटाच्या आतल्या बाजूवर ठेवलेला, शियाच्या बियांपासून काढलेल्या लोण्याचा वाटाण्याएवढा गोळा आधी नुसताच बसून राहिला, मग अंगाच्या उबेनं त्याच्या कडा पारदर्शक झाल्या, आणि मग तो हळूच एका बाजूला कलला... बिरागो त्याच्याकडे बघत राहिली. चांगलं लोणी असंच वितळतं, कडेकडून, घाई न करता. मेण घातलेलं असलं तर मध्येच अडतं. वास धुराचा यायला हवा, आणि धुराच्या खाली भाजक्या दाण्याचा. रंग जुन्या हस्तिदंतासारखा. फार पिवळा असला तर कुठलं तरी मूळ उगाळून घातलेलं. हे सगळं तिला आईनं शिकवलं होतं. आईनंच.

"हुंगून हुंगून निम्मं तूच संपवशील," बाजारातली लोणीवाली हाजिया म्हणाली. मांडीवरच्या तुंब्यातलं लोणी ती लाकडी पळीनं सारखं करत होती. "बारशाच्या वेळी नेलंस तेव्हा एवढी चौकशी नव्हती तुझी."

"बाळासाठी हवंय, हाजिया."

"मग? बाळांसाठी मी वेगळं घुसळते की काय? माझ्या सहाही पोरांना हेच चोळलं. बघ जाऊन एकेकाला, नदीतल्या गोट्यासारखे आहेत." मग तिनं हनुवटीनं समोरच्या दुकानाकडे खूण केली. तिथे छतापर्यंत गोरं करणाऱ्या मलमांच्या डब्या रचलेल्या होत्या आणि प्रत्येक डबीवर एकच फिकट चेहऱ्याची बाई हसत होती. "पोरी माझं लोणी घेतात आणि तिकडे जातात. काय काय त्यात कालवतात देव जाणे. मग तोंड संत्र्याचं आणि बोटं कोळशाची. आणि सांगतात काय, तर हाजियाकडचं लोणी लावतो!"

शेजारची टोमॅटोवाली खो खो हसली. बिरागोही हसली, आणि हसता हसता तिनं पिशवीचा बंद धरलेला हात खाली घेतला. बोटांचे सांधे. ते तिचे गडदच होते, बाकीच्या हातापेक्षा दोन छटा गडद, आणि गेली अकरा वर्षं ती समजत आली होती की ते प्रयोगशाळेमुळे — कुमासी शहराच्या पाण्याचे नमुने रोज सकाळी तपासायचे, क्लोरीन, आम्ल, बाटल्या धुणं — हात खराब व्हायचेच. कारण किती पटकन सापडतं माणसाला! पाण्यात एक थेंब जास्त पडला तरी जिला तो आकड्यात दिसतो, तिला स्वतःच्या हातावर एवढं ठळक लिहिलेलं...

सिझेरियननंतर सहाव्या दिवशी टाका उसवला होता तेव्हा नर्सनं विचारलं होतं, "किती वर्षं लावतेस?"

"काय?"

"आता काय म्हणे! कातडी ओल्या कागदासारखी झालीय, टाका धरणार कशाला? किती वर्षं?"

"मी काही लावत नाही. नुसतं शियाचं लोणी. माझी आई घरी करते."

नर्स दुसऱ्या नर्सकडे वळून म्हणाली, "ऐकलंस का ग? हिचीही आई घरीच करते." आणि दोघी हसल्या, दुष्टपणानं नव्हे, रोज तेच ऐकणाऱ्या माणसांसारख्या थकून हसल्या. त्या हसण्याचा तिला किती संताप आला होता! जखमेपेक्षा तेच दुखलं होतं. मी? मी तसली वाटले? — मी, जिनं प्रयोगशाळेतल्या एसिनामच्या पर्समध्ये गोरं करायच्या मलमाची ट्यूब सापडली तेव्हा तिला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, की लाज नाही वाटत, आपल्या कातडीची एवढी किळस येते का तुला, माझ्याकडे बघ, नऊ वर्षांची होते तेव्हापासून आईच्या हातच्या लोण्याशिवाय दुसरं काही...

त्याच एसिनामच्या भावानं औषधशास्त्राच्या विभागात आईच्या लोण्याची डबी तपासली होती. खरं तर बिरागोनंच ती दिली होती, नर्सचं हसणं कायमचं मिटवायला. परवा, गुरुवारी, एसिनामनं काचेची छोटी पट्टी तिच्यासमोर ठेवली. डावीकडे बाजारातल्या गोरं करणाऱ्या मलमाचा ठिपका, उजवीकडे आईच्या लोण्याचा. दोन्ही ठिपके एकाच उंचीवर चढलेले, म्हणजे आतलं द्रव्य एकच. पट्टी तिरपी करून पाहिली, उलटी करून पाहिली. एकाच उंचीवर.

एसिनामनं पट्टी कागदात गुंडाळली. मग म्हणाली, "माझी ट्यूब निदान माझ्या पर्समध्ये होती, बिरागो. मी माझ्या हातानं लावत होते."

हाजियानं केळीच्या पानात गोळा बांधून दिला. बिरागोनं पैसे दिले, काळ्या साबणाची वडी घेतली, गाडीत बसली. सोमवारपासून कामावर जायचं होतं. तिचा नवरा ओपोकू ताकोराडीच्या बंदरात कामाला, पंधरवड्यातून एकदा घरी येणार. म्हणजे सोमवारपासून सकाळी साडेसहा ते संध्याकाळी सहा तान्ही फ्रेमा आईच्या मांडीवर. आंघोळ, चोळणं, झोपवणं, सगळं आईच्या हाती. तीन महिन्यांपूर्वी हीच गोष्ट तिनं लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगितली होती: मला कसली काळजी, माझी आई आहे.

घरी आई अंगणात आंब्याच्या सावलीत बसली होती. फ्रेमा आत झोपलेली. आईनं पान सोडून लोणी हुंगलं, मान डोलावली.

"हाजियाचं. चांगलं आहे. बस, केस बांधून देते. सोमवारी असलं रान घेऊन जाणार आहेस का?"

बिरागो बुटक्या स्टुलावर बसली, आईच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये, लहानपणापासून बसत आली तशी. आईनं लोणी तळव्यावर चोळून मऊ केलं आणि बोटांची टोकं तिच्या डोक्यावर फिरवू लागली — कपाळापासून मागे, कानामागे, मानेच्या खळगीत. काळ्या दोऱ्याचा पहिला वेढा बसला. केसांच्या मुळाशी तो ओळखीचा ताण आला आणि तिच्या लक्षात आलं की तिचे खांदे सैल पडताहेत, आपण होऊन, तिला न विचारता. शरीराला गुरुवारची बातमी पोचलीच नव्हती.

गरोदरपणात डॉक्टरांनी सगळी मलमं बंद करायला सांगितली होती तेव्हा ती म्हणाली होती, नुसतं लोणी तर आहे. तरी बंद केलं. तेव्हापासून चेहरा हळूहळू गडद होत चालला होता. गालापासून सुरुवात झाली, मग कपाळ. आई म्हणायची, पोटुशीपणाचं आहे, उतरेल. ती आरशात वाट बघत होती, उतरण्याची. आता कळत होतं की उतरतंय ते दुसरंच, आणि जे खालून वर येतंय ते नऊ वर्षांच्या मुलीनंतर कुणी पाहिलेलंच नाही. तिनंही नाही.

"मा, माझ्या लोण्यात काय घालायचीस?"

"खोबरेल. थोडं लिंबू."

"आणि?"

"आणि काय आणि? मान खाली कर."

"मी तपासून घेतलं."

दोरा थांबला. मग पुन्हा फिरू लागला, त्याच वेगानं.

"तपासलंस. पाणी तपासता तसं."

"हो."

"मग कळलं असेलच. मला कशाला विचारतेस?" आईच्या आवाजात चोरी पकडल्याचं काही नव्हतं. होता तो किंचित कंटाळा, जुनी ट्रंक उघडायला सांगितल्यासारखा. "टोपणभर. एका डब्याला एक टोपण. दुकानातली बाई तीन म्हणत होती. मी म्हटलं, लेकरू आहे माझं, भिंत नाही रंगवायची."

आईनं दोन टोपणं वाचवली होती आणि ती मायेच्या खात्यात धरली होती.

"का पण?"

"डोकं सरळ धर, भांग वाकडा जातोय." आईनं दोरा ओढून घट्ट केला. "तुझा बाप दारात उभा राहून काय बोलला ते तुला ठाऊक नाही. तुला मी मागे पाठवलं होतं, कोंबड्यांकडे. तीन शेजारणींसमोर म्हणाला, ही माझी नव्हे, आमच्यात असला रंग नाही. मी काय करायचं होतं? कुणाला पटवत बसायचं होतं? दोन वर्षांनी परत आला तेव्हा तुझी हनुवटी धरून काय म्हणाला, सांग बघू."

सांगायची गरज नव्हती. ते वाक्य तिनं पाठ केलेलं नव्हतं, ती त्याच्यावर उभीच होती — उन्हाकडे तिचा चेहरा फिरवून, अंगठ्यानं गाल पुसून तो म्हणाला होता, आता कशी माझ्यासारखी दिसते. बस, एवढंच. नंतर तो पाच वर्षांत गेला, पण ते वाक्य राहिलं. परीक्षेच्या आधी, लग्नाच्या दिवशी, ऑपरेशनच्या टेबलावरसुद्धा तिनं ते एकदा मनात म्हणून घेतलं होतं. आणि ते तिला उद्देशून नव्हतंच. तो डबीशी बोलला होता...

"मी त्याचीच होते ना?"

"त्याचीच! दुसऱ्या कुणाची?" आई हसली, दोऱ्याचं टोक दातांत धरून. "खरं त्याला कुठे हवं होतं? डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं होतं. ते मी केलं."

"तू स्वतःला कधी नाही लावलंस."

"मला कोण बघणार होतं ग?"

हे आई इतक्या सहज म्हणाली की बिरागोच्या रागाला धरायला कड उरली नाही. समोर आईचे पाय होते, ओल्या मातीसारखे काळेभोर, टाचांना भेगा, त्यांवर लोण्याची चकाकी. वीस-बावीस वर्षं दर रविवारी या बाईनं ते दुसरं मलम स्वतःच्या बोटांनी कालवलं होतं, आणि स्वतःची बोटं लगेच साबणानं धुतली होती. म्हणजे तिला माहीत होतं. काय होतं ते तिला माहीत होतं.

"फ्रेमाला लावणार आहेस?"

"तिला? शहाणी आहेस! इतकीशी ती. तिला काय लावायचंय आत्ता." दोन वेढे झाले, तीन. "जन्मली तेव्हा कानाची कड पाहिली होती मी. गडद आहे, पुढे तोच रंग चढणार. पण असू दे. काळ बदललाय, म्हणता ना तुम्ही शिकलेल्या पोरी?"

डोक्याचा डावा अर्धा भाग बांधून झाला होता, तिथे कातडी ताणलेली होती आणि वारा लागत होता. उजवा अर्धा अजून मोकळा, आईच्या तळहाताखाली उबदार. तिनं मनात चौकशी केली: शेजारची आक्यिया बाळं सांभाळते, प्रयोगशाळेच्या मागच्या गल्लीत एक पाळणाघर आहे, ओपोकूची बहीण... प्रत्येक नावापाशी ती थांबली. त्या बायका फ्रेमाला काय लावतील, तिला माहीत नव्हतं. आईचं तर तिला पक्कं माहीत होतं, गेल्या बुधवारपर्यंत.

"सोमवारी कितीला निघशील?" आईनं विचारलं.

"साडेसहाला."

"मग मी सहाला पाणी तापवीन. तू निवांत जा."

"हो, मा. तू आहेस म्हणून तर."

हे शब्द कुठून आले, तिला कळलं नाही. ठरलं काहीच नव्हतं. सोमवारी फ्रेमाला कुठे ठेवायचं ते तिला अजून ठाऊक नव्हतं, कदाचित उद्याच ती आक्यियाशी बोलायला जाणार होती. तरी आवाज कापला नव्हता. उलट त्यात माया होती, खरीच, आईच्या टोपणासारखी घोटून घातलेली — आईला वाईट वाटू नये, तिचे हात थांबू नयेत, हा दुपारचा अर्धा राहिलेला वेळ पुरा व्हावा. बोलताना तिला जराही जड गेलं नव्हतं. मागून आईनं समाधानाचा हुंकार दिला आणि दोरा पुढे चालू झाला, आणि बिरागो मान वाकवून बसून राहिली, स्वतःच्याच आवाजाला प्रथमच थोडीशी घाबरून.