फुलदाणीच्या तळाशी

आईचं दहावं झालं तेव्हापासून तिच्या फुलदाणीवरून दीपकचं आणि माझं वाजत होतं. दीपक माझा धाकटा भाऊ. त्याचं म्हणणं सरळ होतं: वस्तू इटलीची आहे, किमती असणार, विकू आणि निम्मं निम्मं करू. माझं म्हणणं त्याहून सरळ होतं: नाही. का नाही, असं विचारलं की मात्र माझ्याकडे धड उत्तर नसायचं, आणि उत्तर नसलं की मी आवाज चढवते. भाजीवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांना हे माहीत आहे.

आमची खानावळ सातपूरला. कारखान्यांतली पोरं जेवायला येतात. सुरू केली आईनं, ती थकल्यापासून चालवते मी. फार पूर्वी एका कारखान्यात मशिनरी बसवायला इटलीचा फिटर आला होता. तिखटानं बिचाऱ्याचे हाल व्हायचे, म्हणून आई त्याला वेगळं साधं वरण आणि तूप-भात वाढायची. पुढच्या खेपेला तो ही फुलदाणी घेऊन आला. त्याचा भाऊ तिकडे काचेच्या भट्टीवर होता म्हणे. वडिलांनी घ्यायला हात पुढे केला, तर त्यानं त्यांना ओलांडून ती आईच्या हातात दिली. वडील ही गोष्ट हसत सांगायचे, पण ते हसू फार खरं नसायचं.

तेव्हापासून फुलदाणी गल्ल्याशेजारी. जाडजूड, वरवंट्यासारखी जड, बाहेरून निळी आणि आत हिरवी. तळाला आईनं लाल रेक्झिन चिकटवलेलं. काउंटर पुसताना ती कोणाला उचलू देत नसे. "राहू दे, मी उचलते," एवढंच म्हणायची.

शेवटी दीपक म्हणाला, "ताई, किंमत तर कळू दे. मग भांड." गेलो देवळाली कॅम्पला, कुंदनभाईंकडे. जुन्या बंगल्यांतली झुंबरं आणि काचसामान पारखण्यात त्यांची हयात गेलेली. माणूस गोडबोल्या असेल असं मी धरून चालले होते. तसा नव्हता. फुलदाणीला हात लावण्याआधी त्यांनी साबणानं हात धुतले, तिथंच मला ते पटले.

त्यांनी ती उजेडात फिरवली, भिंगातून पाहिली, कडेवरून बोट फिरवलं. "माल खरा आहे," ते म्हणाले. "व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचा. रंगावर रंग किती स्वच्छ चढवलाय बघा. आता तळ बघायला लागेल, ताई. काच फुंकायच्या नळीवरून तोडल्यावर ती जागा कशी घासलीय, त्यावरून कारागिराचा हात ओळखू येतो. हे रेक्झिन काढू?"

माझ्या तोंडून "नको" निघणार, तेवढ्यात दीपक म्हणाला, "काढा."

कोमट पाण्याचं फडकं लावून त्यांनी रेक्झिन सोडवलं, तळ वर केला आणि कपाळाला हात लावला. तळावर अक्षरं होती. इटलीची नव्हेत, आपली. नव्या तांब्यावर भांड्यांचा दुकानदार मशिनच्या सुईनं नाव टाकून देतो ना, तशी. 'मैना खंडेराव, मनमाड.'

"ही मैना कोण?" दीपकनं विचारलं.

"कोणी का असेना, तिनं वस्तूची माती केली," कुंदनभाई म्हणाले. "परातीवर नाव टाकतात, मान्य. पण यावर? असू दे, घाबरू नका. तळ घासून नाव उडवता येतं, माझा कारागीर आहे. नाव गेलं की चांगलं गिऱ्हाईक मी आणतो."

दीपकचा चेहरा उजळला. मी मात्र खंडेरावांपाशी अडकले होते. खंडेराव म्हणजे आईचे वडील, मनमाडला रेल्वेत होते. मी तिथंच बसून झुंबरमावशीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. झुंबरमावशी आईची धाकटी बहीण, अजून मनमाडलाच असते.

"मावशी, मैना कोण गं?"

मावशी म्हणाली, "तुझी आई, दुसरी कोण? मैनाच नाव व्हतं तिचं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, तुझ्या बापानं अंगठीनं सुलोचना लिहिलं, झालं. आम्ही सगळे अक्का म्हणायचो, मग तुम्हाला कुठून कळणार? लय रडली व्हती नावासाठी. सासरी कुणाला दिसलं नाय."

रेशनकार्डावर सुलोचना. खानावळीच्या पाटीवर सुलोचना. पेपरात फोटो दिला त्याखाली सुलोचना. घरातल्या भांड्यांवर तर तिचं तेही नाव नव्हतं. तांब्यावर आजोबा, परातीवर वडील, डब्यांवर आहेर देणारे. आयुष्यात तिला तिची म्हणून एक वस्तू मिळाली, आणि तिनं ती गुपचूप नेऊन त्यावर आपलं खरं नाव टाकून घेतलं. मग चोरी केल्यासारखं झाकून ठेवलं. मला रडू आलं आणि रडण्याहून जास्त संताप आला. ज्यांच्यावर काढायचा ते सगळे घरच्या भिंतीवरच्या फोटोंत जाऊन बसलेले.

"घासायचं नाही," मी म्हणाले.

"ताई, मलाही वाईट वाटतंय," दीपक म्हणाला. "नावाचा फोटो काढून ठेवू ना. मोबाइलमध्ये कायम राहील. आणि माझा निम्मा वाटा आहे की नाही यात?"

"आहे. आईच्या पाटल्यांतली माझ्या वाट्याची पाटली तुझ्या लेकीला, रोशनीला देते. फुलदाणी माझी. कबूल?"

"उद्या परत मागशील."

"आजपर्यंत काही मागितलंय?"

कुंदनभाई खिडकीबाहेर पाहू लागले. दीपकनं फुलदाणी माझ्याकडे सरकवली. "कबूल."

निघताना कुंदनभाई मला समजावत म्हणाले, "ताई, तुमची मर्जी. पण जपून ठेवा. पुढं कोणाचं मन बदललं तर नाव कधीही काढता येईल."

कधीही काढता येईल! गाडीत बसेपर्यंत ते शब्द मला टोचत राहिले. मी आहे तोवर ठीक. माझ्यामागं माझी लेक आरोही, दीपकची मुलं, त्यांच्याही मागं कोणीतरी कारागीर गाठणारच. मी दीपकला म्हणाले, "घरी नको. भांडी बाजारात घे."

भांडी बाजारात पुंजाकाका नावं टाकतात. बक्षिसाच्या काचेच्या ढाली येतात, त्यावरही टाकतात. मी फुलदाणी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी तळ पाहिला. "इथं जागा नाय राहिली, बाई."

"तळाला नकोच. हे नाव इथं टाका. समोर, पोटावर."

काकांनी चष्मा वर सारला. "इथं खोल टाकलं तर जन्मात निघायचं नाय. काढायला गेलं तर घाटच बिघडंल. भारी वस्तू दिसती."

"म्हणूनच तिथं टाका. आमच्या दारातून वाचता आलं पाहिजे."

आता दीपक ओरडेल म्हणून मी तयारीतच होते. एक शब्द जरी बोलला असता तर त्या बाजारात मी त्याची शोभा केली असती. काकांना फुलदाणी घट्ट धरायला माणूस हवा होता. दीपकनं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, पुढं झाला आणि दोन्ही हातांनी फुलदाणी धरली. काकांनी मशीन सुरू केलं.

"काका, खंडेराव राहू द्या," तो म्हणाला. "नुसतं मैना टाका. मोठं."