सांतो निन्योच्या गालावरचे थेंब

मित्रांनो, मी हवा दाबून देणारा एक म्हातारा कॉम्प्रेसर आहे. मला आवाज जवळजवळ नाहीच. हीच माझी थोरवी समजून मला एका घरात नेले आणि तिथेच घात झाला. चित्त देऊन ऐका.

माझा जन्म फ्रिजच्या पोटातला. इलोइलो शहराच्या बाजारातल्या एका खानावळीत मी वर्षानुवर्षे मासे आणि नारळाचे दूध गार राखले. फ्रिजचे पत्रे गंजले, मी मात्र धडधाकट राहिलो. मग दुरुस्तीवाल्या मानोंग तेबानने, म्हणजे तेबानदादाने, मला बाहेर काढून एका जुन्या नळकांड्याच्या टाकीवर बसवले आणि टाकीच्या तळाला पाणी सोडायची चावी लावली. ती चावी लक्षात असू द्या.

गिऱ्हाईक आले ते एलिसेओ. लहान लहान जहाजे बनवून रंगवायचा त्याला छंद. रंगाचा बारीक फवारा उडवायला त्याला हवा हवी होती. सोबत थोरली बहीण, मानांग क्लारिता, म्हणजे क्लारिताताई.

"तोतो, तो नवा घे," ती धाकट्याला लाडाने म्हणाली. "त्याला पाणी अडवणारी काचेची वाटी तरी आहे. ह्या भंगारात काय आहे?"

"नवा कोकलतो, मानांग. नानाय पलीकडच्या खोलीत प्रार्थना गात असते. हा बघ, चालू आहे हे कळतसुद्धा नाही."

"कॉम्प्रेसर शोधतोयस की माझ्यासाठी नवरा?"

तेबान खो खो हसला. "पाणी तेवढं रोज सोड हं. आपल्याकडची हवा म्हणजे ओलं फडकं, दाबली की टाकीत पाणी पिळून निघतं."

एलिसेओने मान डोलावली. पण वाटेत बहिणीला म्हणाला, "फ्रिजचा आहे हा. याच्यात कसलं आलंय पाणी?"

त्या घरात त्यांच्या आईची, नानाय पुरिंगची, नजर विझत चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. तिचे मागणे एकच होते. लग्नात आईने दिलेली सांतो निन्योची, बाळ येशूची, लाकडी मूर्ती मेणबत्त्यांच्या धुराने काळवंडली होती. तो चेहरा पूर्वीसारखा उजळलेला, डोळे आहेत तोवर एकदा पाहायचा.

एलिसेओने काजळी खरवडली, अस्तराचा रंग दिला. टेबलाखाली बसून मी नानायचे गाणे ऐकत असे. गाऊन आळवलेले देवाचे नाव लोखंडालाही कळते, मित्रांनो. वाटे, माशांची चाकरी केली, आता देवाची घडते आहे. आणि माझ्या टाकीत पाणी चढत होते. मला ते जाणवत होते. सांगू कसे?

गालांवर शेवटचा गुलाबी हात द्यायला एलिसेओने फवारा उचलला. मी हवा सोडली. हवेबरोबर तेलकट पाणी उडाले. रंग फाटला, गालभर फोड उठले. पुसायला गेला तर खालचे अस्तरही निघाले.

"रंगच खराब दिला मेल्यांनी!" तो ओरडला. नवा रंग आणला. सगळे घासून पुन्हा अस्तर दिले, ते वाळायची वाट पाहिली. तेवढ्या दिवसांत नानायच्या डोळ्यांतली उरलीसुरली तिरीपही गेली. आणि दुसऱ्या वेळीही माझ्यातून पाणीच आले.

सांतो निन्योच्या मिरवणुकीच्या सकाळी रस्त्यावर ढोल वाजत होते. मूर्ती नानायच्या मांडीवर होती.

"हसतोय का गं तो?"

क्लारिताने फोडांनी भरलेल्या गालांकडे पाहिले. "हसतोय, नानाय."

म्हातारीची बोटे गालावरून फिरली, थांबली. "मग हे थेंब कसले याच्या गालावर?"

एलिसेओ खाली वाकला आणि त्याने पहिल्यांदाच माझी चावी फिरवली. तांबूस पाणी वाहू लागले. कितीतरी वेळ वाहत राहिले.

मित्रांनो, यंत्र निवडताना त्याचा आवाजच पाहू नका, त्याच्या पोटात काय साचते तेही विचारा. मुकाट्याने सेवा करणाऱ्याला दुखणे नसते असे समजू नका. माझ्यासाठी हे सांगत नाही, माझे आता काही व्हायचे नाही. मी जिन्याखाली पडलो आहे आणि चावी गंजून गच्च बसली आहे.

पलीकडच्या खोलीत नानाय आता गात नाही. मी कितीही मोठा आवाज केला तरी चालेल.