पिवळ्या रेघांचं कौतुक

मित्रांनो, मी एक जुनं सक्युलंट, म्हणजे कुंडीतलं मांसल रोप आहे. खरं सांगायचं तर माझं मूळचं आता नुसतं बुड उरलंय. पूर्वी मला पाण्याने भरलेली जाड पानं होती आणि त्यांवर पिवळ्या रेघा होत्या. त्या रेघांनीच माझा घात केला.

माझी सुरुवात मातीत नाही, काचेच्या बरणीत झाली. शोभेच्या रोपांच्या नव्या जाती काढणारी एक बाई होती. तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून माझीही ती ताईच. तिने हातमोजे चढवून आमचं बी एका विषारी औषधात भिजत घातलं. बियांच्या आत काहीतरी बिघडावं आणि त्यातून देखणं रोप निघावं, यासाठी हा सगळा खटाटोप.

बी धुताना भावाने विचारलं, "ताई, औषध जास्त तर नाही ना झालं?"

"निम्मं बी मेलं, तर बरोबर झालं समज."

माझी निम्मी भावंडं मेली आणि ताई खूश झाली. उगवलेल्यांत कुणी वाकडं, कुणी खुरटं, तीही उपटली गेली. मला रेघा होत्या म्हणून ठेवलं.

मग काय विचारता! मला वेगळं टेबल, वेगळी कुंडी. येणारा-जाणारा माझ्या रूपाचं कौतुक करी. पिवळ्या भागात अन्न तयार होत नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते ज्याला रूप म्हणत, ती माझी उपासमार होती. उरलेल्या हिरव्याच्या जिवावर मला दिवस काढावे लागत.

भावाला घाई झाली होती. "ताई, एकाची शंभर कधी होणार? प्रदर्शन तोंडावर आलंय."

"पानं लावून उपयोग नाही रे, ती हिरवीच निघतील. बुडाशी रेघांचा फुटवा यायला हवा."

"मग शेंडा काप. शेंडा गेला की फुटवे येतात, तूच म्हणतेस ना?"

ताईने नायलॉनचा दोरा उचलला. मग तिने तो माझ्या पानांमधून घातला आणि शेंडा तुटेपर्यंत आवळला.

कापलेला शेंडा सावलीत सुकवून, जखम भरल्यावरच लावायचा, हे तिनेच भावाला शिकवलं होतं. पण प्रदर्शनाला कुंडीतलं रोप हवं होतं. तिने तो ओलाच मातीत खोचला. शेंड्याला पहिलं बक्षीस मिळालं. घरी येईपर्यंत आतून सडून त्याचा लगदा झाला होता.

मला फुटवे आले, पण हिरवेगार.

"फेकून देऊ?" भावाने विचारलं.

"राहू दे टेबलाखाली," ताई म्हणाली आणि नवं बी भिजत घालायला गेली.

आता माझ्याकडे कुणी बघत नाही. हिरव्या पानांमुळे मी आयुष्यात पहिल्यांदा पोटभर जेवतोय, आणि त्याचं कुणालाही कौतुक नाही.

काल माझ्या मागच्या बाजूला, भिंतीकडे, आणखी एक फुटवा आलाय. त्याच्यावर पिवळी रेघ आहे. मित्रांनो, झाडांची काळजी घ्या, असं सगळेच सांगतात. माझं मागणं एवढंच आहे, की ताईला हे सांगू नका.